खेळांची कणगी

खेळ ठेवायला जागा लागते, असे आमच्या लहानपणी कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. विटीदांडू दाराआड उभा राही, गोट्या खिशात मावत, सारीपाट घडी होऊन फडताळात जाई. तेव्हा गेल्या दिवाळीच्या तोंडावर धाकटा नातू हिरमुसून म्हणाला, "आबा, गेम ठेवायला जागाच नाही उरली," तेव्हा मी आधी पलंगाखाली वाकून पाहिले.

जागा हवी होती ती संगणकात. हल्लीचा एकेक मोठा खेळ शंभर-शंभर जीबी अडवून बसतो. आमच्या संगणकातली मूळची डिस्क २५६ जीबीची. तीत यंत्राचा स्वतःचा संसार, सुनेच्या शाळेचे कागद आणि एक मोठा खेळ मांडला की घर भरले. "मग जुना काढ आणि नवा घाल," मी सहज म्हणालो. पोर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "त्यात दादाचा डाव आहे."

थोरला दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याआधी दोघे भाऊ रात्री मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ खेळत. पाळीपाळीने, एकाच नावावर. दादा गेला त्या रात्री डाव जिथे थांबला तिथेच धाकट्याने राखून ठेवला होता. स्वतः पुढे खेळायचा नाही आणि कोणाला पुसूही द्यायचा नाही. आमच्याकडे सारीपाटाचा अर्धा डाव असाच दोन-दोन दिवस माजघरात मांडलेला असे आणि केर काढताना आई तेवढा चौकोन वगळी. दुसरी डिस्क घ्यायचे मी त्याच क्षणी कबूल केले.

धनत्रयोदशीला आमच्या खामगावात माणसे चांदी घ्यायला निघतात. इथल्या चांदीच्या शुद्धतेचा लौकिक दूरवर आहे आणि दरवर्षी निदान एक वाटी घ्यावी असा आमच्या घरचा शिरस्ता. त्या दिवशी मात्र चांदीची दुकाने ओलांडून आजा-नातू संगणकाच्या दुकानात शिरलो.

दुकानदार तरुण होता. त्याने एकच विचारले, "काका, खेळायला पाहिजे का ठेवायला?"

"ठेवायला," मी म्हणालो. "खेळायला," नातू म्हणाला. दोघेही एकदम.

मग त्याने दोन जाती समोर ठेवल्या. एक जुन्या धर्तीची हार्ड डिस्क. तिच्या पोटात तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्यावरच्या चुंबकी खुणा वाचायला एक बारीकसा हात सारखा येरझारा घालतो. दुसरी एसएसडी. तिच्यात फिरणारे काहीच नाही, नुसत्या चिपा. पहिली सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास मजकूर काढून देते, दुसरीतली साधीसुद्धा पाचशेच्या घरात. शिवाय खेळातला मजकूर असतो हजार तुकड्यांत विखुरलेला; ते वेचताना बिचाऱ्या हाताची दमछाक होते आणि ऐन वळणावर मोटार अडखळते. पण जुनीत त्याच पैशांत जागा कितीतरी अधिक, आणि मला तोच मोह पडला.

मला मोहातून सोडवले ते पेवाने. पेवात धान्य वर्षभर राही, पण ते उघडायचे म्हणजे समारंभ. आधी आतली कोंदट हवा जाऊ द्यायची, मग माणूस उतरायचा. रोजच्या भाकरीला कोणी पेव उघडत नाही. त्यासाठी घरात कणगी असते. दुकानदारानेही तेच निराळ्या शब्दांत सांगितले: एसएसडी विजेवाचून वर्षानुवर्षे नुसती पडून राहिली तर तिच्यातल्या खुणा पुसट होऊ शकतात, ती रोजच्या वापराचीच वस्तू. आम्ही १ टीबीची एसएसडी घेतली.

घरी बसवली तर यंत्राने ९३१ जीबी दाखवली. माझा जन्म आडत दुकानात हिशेब लिहिण्यात गेला. मापात मारलेले मला खपत नाही. मी चपला घातल्याच होत्या. नातवाने हात धरून बसवले. डिस्क करणारे हजाराच्या पटीने मोजतात आणि आमचे यंत्र १०२४ च्या, एवढाच तो फरक. कोणी फसवले नव्हते. तरी पायली दोन प्रकारच्या असू नयेत, हे माझे मत कायम आहे.

पण खरी गंमत पुढेच झाली. खेळ नव्या डिस्कवर हलवताना नातू दादाचा डाव शोधू लागला. खेळाच्या शंभर जीबींत तो कुठेच नव्हता. पोराचा चेहरा पांढरा पडला. तासाभराने सापडला तो जुन्याच डिस्कवर, सुनेच्या शाळेच्या कागदांशेजारी. पुष्कळ खेळ डावाची नोंद अशी वेगळीच ठेवतात म्हणे. आकार होता अवघा ३ एमबी. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली डिस्क आणली, ती ५० तबकड्यांची आणि टनभर वजनाची. तिच्यात ५ एमबीच्या आसपास मजकूर मावे. दादाचा डाव त्या धुडातही सहज बसला असता! बाकीचे शंभर जीबी पुसले असते तरी पुन्हा उतरवून घेता आले असते. हे ३ एमबी मात्र जगात कुठेच मिळाले नसते, आणि ते आजवर एकाच ठिकाणी होते. आम्ही त्याची प्रत पेन ड्राइव्हवर काढली आणि तो आदल्या वर्षीच्या चांदीच्या वाटीत ठेवला.

थोरला नरकचतुर्दशीला पहाटे शेगावला उतरला. अभ्यंगस्नान, फराळ, पाहुणे, सारे झाले. धाकटा डावाचे काही बोलेना. दादाला तो आठवत असेल का, याची त्याला धास्ती होती, आणि खरे सांगायचे तर मलाही. दुपारी थोरला आपणहून खुर्चीवर जाऊन बसला, खेळ उघडला आणि जरा वेळ पडद्याकडे पाहत राहिला.

"अरे, हा तिथेच आहे अजून?" तो म्हणाला. मग सरकून त्याने खुर्चीत अर्धी जागा केली. "ये. पाळी तुझी होती."