हवा गेली तेव्हा

पहाटे दादरहून गिरगावकडे सरावासाठी निघालो असता लालबागच्या उड्डाणपुलाखाली मागच्या चाकाची हवा गेली, आणि कडेला बसून टायर उचकटून आतून सावकाश बोट फिरवले तेव्हा काचेचा एक बारीक तुकडा हाती आला. तो तसाच ठेवून नवी ट्यूब घालणे म्हणजे चोराला घरात कोंडून दाराला कुलूप लावण्यासारखेच. परळपासून इथवर पंक्चरवाल्यांची वाण नाही, परंतु आयर्नमॅन स्पर्धेत, ३.८ किलोमीटर पोहणे आणि ४२.२ किलोमीटर धावणे यांच्यामधल्या १८० किलोमीटरांच्या सायकलप्रवासात, बाहेरच्या कोणास हाक मारण्याची मुभा नसते. सारी तजवीज आपली आपणच करावयाची.

२००८ साली हवाई बेटावरच्या आयर्नमॅन स्पर्धेत आघाडीवर असलेल्या ख्रिसी वेलिंग्टनची नेमकी हीच गत झाली. हवा भरण्याच्या वायूच्या कुप्या वाया गेल्या, प्रतिस्पर्धिनी एकामागून एक पुढे निघून गेल्या, आणि अखेर त्यांच्यातल्याच रिबेका कीटने जाता जाता आपल्याजवळची कुपी तिला दिली! शर्यत वेलिंग्टननेच जिंकली. मला मात्र त्या विजयापेक्षा कीटचे ते क्षणार्धातले औदार्य अधिक दुष्कर वाटते, कारण भर स्पर्धेत स्वतःची शिल्लक दुसऱ्यास देऊन टाकताना पुढच्या वळणावर आपलेच चाक बसले तर काय, हा हिशेब तिने बाजूस ठेवला असला पाहिजे. माझा हिशेबी स्वभाव अजून खोगिराखालच्या पिशवीत दोन ट्यूबा बाळगतो.