माकणीचं पाणी गारठलंय

चि. भाच्यास,


मार्गशीर्ष अमावस्येच्या येळवशीला येतोयस आणि गळही आणतोयस, हे ताईनं फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. उन्हाळ्यात तू तांबडं फुटायच्या आत काठावर जाऊन बसायचास. मार्गशीर्षात तसं करू नकोस.

माशाचं अंग पाण्याइतकंच गार किंवा ऊन असतं. पाणी निवलं की त्याचं पचन मंदावतं, भूक मरते. रोहू-कटल्याला २५ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. २० च्या खाली गेलं की त्यांचं खाणं फारच कमी होतं. आपल्याकडे डिसेंबरात पहाटेचा पारा कधी १०-१२ वर येतो. माकणीच्या निम्न तेरणा धरणाचा एवढा मोठा साठा हवेबरोबर लगेच निवत नाही, पण काठाचं उथळ पाणी एका रात्रीत गारठतं. मग मासा तेरणेच्या बुडालेल्या जुन्या पात्राकडे, खोलात सरकतो.

तेव्हा जेवूनखाऊन दुपारी निघ. वारा ज्या काठाकडे पाणी लोटतो तिथं बस. उन्हानं कोमटलेला वरचा थर तिकडेच जमतो. आमिष बारीक लाव, गांडुळाचा तुकडा नाहीतर कणकेची वाटाण्याएवढी गोळी. झटक्याची वाट बघू नकोस, दोरी नुसती जड झाल्यासारखी वाटेल. आणि रोहूचा हट्ट सोडून सायप्रिनसच्या मागं लाग. तो मूळचा थंड मुलखातला, तळचा गाळ उकरून खाणारा. आपली थंडी त्याला सोसते.

काठावर बसण्याआधी मच्छीमार सोसायटीच्या माणसांना विचार. तलाव ठेक्यानं त्यांच्याकडे असतात, बीज तेच सोडतात. या दिवसांत त्यांचे हाल बघवत नाहीत. मासा फिरला तरच उभ्या जाळ्यात अडकतो; थंडीत तो फारसा फिरत नाही. थर्माकोलच्या तराफ्यावर भिजल्या हातांनी रात्री लावलेलं जाळं सकाळी हलकंच वर येतं. माशाचा भाव करताना एवढं ध्यानात ठेव.

मरळ मिळाली तर आधी अंग नीट बघ. थंडीत बुरशीसारख्या एका जीवामुळं माशांच्या अंगावर लाल चट्टे येतात, पुढं खोल जखमा होतात. मरळीला हा रोग फार लवकर धरतो. तसली मरळ परत पाण्यात सोडू नकोस, काठापासून लांब पुरून टाक आणि सोसायटीत सांग. ज्यांनी शेततळ्यात मासे पाळलेत त्यांनाही कळव, कारण ओलं जाळं एका पाण्यातून दुसऱ्यात गेलं की रोगही जातो. तुझं जाळं-पिशवी कडक उन्हात वाळवल्याशिवाय आपल्या शेततळ्याकडे न्यायची नाही.

पुण्यात दोरीला बांधून पाण्यात सोडता येईल असा थर्मामीटर मिळाला तर घेऊन ये. काठाचं आणि पात्रातलं पाणी एकाच दुपारी मोजायचं आहे, सोसायटीतली पोरंही कधीची विचारतायत.

तुझा,
मामा