उडत्यावरच बार

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या दक्षिणेत ‘बर्ड’ म्हणजे एकच पाखरू. टर्कीला टर्की म्हणावं लागतं, बदकाला बदक. नुसता ‘बर्ड’ म्हटला की बॉबव्हाइट. आपल्या लाव्याचा लांबचा नातलग. तपकिरी, गोलमटोल, पावशेराच्याही आत भरणारा.

मी कधी बंदूक धरली नाही, धरणारही नाही. पण या शिकाऱ्यांची बोली मात्र मला भुरळ घालते. तिच्यात माणसांपेक्षा कुत्र्यांचं कौतुक जास्त. पॉइंटर गवतातून उधळत जातो आणि एकाएकी थिजतो. शेपूट ताठ, एक पाय अधांतरी. घोड्यावरचा माणूस टोपी उंचावून ओरडतो, ‘पॉइंट!’ जोडीच्या कुत्र्याला वास लागलेला नसतो, तरी पहिल्याला पाहून तोही आहे तिथे उभा राहतो. त्यानं ‘ऑनर’ केलं, असं म्हणतात. पुढे घुसून पाखरं उडवली तर त्याची अब्रू गेली. पाखरू समोर असून काणाडोळा करणारा तो ‘ब्लिंकर’. त्याच्याविषयी फार बोलत नाहीत.

मग माणसं चालत पुढे होतात. बॉबव्हाइटचा थवा, म्हणजे ‘कव्ही’, दहा-पंधरा पाखरांचा. रात्री ती शेपट्या आत आणि तोंडं बाहेर करून गोल बसतात, म्हणजे ऊबही राहते आणि संकट आलं तर ज्याला त्याला आपापली दिशा मोकळी. दिवसा पायाशी कव्ही उठते तेव्हा ताडपत्री टर्रकन फाडावी तसा आवाज होतो. नवखा गांगरून सगळ्या थव्यावर बार टाकतो आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. एकच पाखरू निवडायचं, आणि तेही हवेत. बसलेल्यावर बार टाकणं म्हणजे ‘ग्राउंड-स्लूस’. हा शब्द शिवीसारखा उच्चारतात.

इथे मात्र माझं मन अडखळतं. ज्याच्या खिशात दोनच काडतुसं आणि घरी पाच तोंडं, त्यानं एका बारात चार पाखरं मिळवली तर तो ‘पॉट-हंटर’, हंडीसाठी मारणारा. जणू हंडी हे मारण्याचं सर्वांत हलकं कारण! आपल्याकडेही साहेबाची शिकार म्हणजे खेळ, आणि फासे लावून तित्तर-लावे धरणाऱ्या पारध्याच्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का.

गंमत अशी, की जॉर्जियात पाखरं वाढली ती तिथल्या गरिबांमुळेच. यादवी युद्धानंतर उत्तरेच्या उद्योगपतींनी थॉमसव्हिल आणि टॅलाहासीच्या दरम्यानची जुनी मळ्यांची जमीन हिवाळी शिकारीसाठी घेतली. त्या जमिनी बटाईनं कसणारी कुळं बहुतेक कृष्णवर्णीय. त्यांचे मक्याचे, चवळीचे तुकडे, तण माजलेले बांध, दरसाल पेटवलेलं रान: बॉबव्हाइटला याहून बरं काय हवं? शिकाऱ्यांच्या खेचरगाडीवर सारथी तेच, कुत्रे शिकवणारेही बरेचदा तेच. टोप्या उंचावणाऱ्यांच्या बोलीत कुत्र्याच्या शेपटीच्या कोनालाही मोल आहे. या बांधांना नाही.

पक्षी-अभ्यासक हर्बर्ट स्टॉडर्डनं ते मोल ओळखलं. १९२४ पासून चार वर्षं त्यानं या भागात पाखरांचा अभ्यास केला, १९३१ मध्ये ग्रंथ काढला. आगीशिवाय हे रान पाखरांच्या कामाचं राहणार नाही, हे त्यानं मांडलं, तेव्हा वनखात्याच्या लेखी आग म्हणजे शत्रूच होती. आज तिथल्या मळ्यांत दर एक-दोन वर्षांनी रान पेटवतात आणि लाँगलीफ पाइनखाली कव्ही अजून उठतात.

बाकी दक्षिणेत कुळं शहरांकडे गेली, बांध ट्रॅक्टरखाली गेले, आग थांबली, फेस्क्यू गवताची दाट कुरणं झाली. १९६६ पासूनच्या देशव्यापी पक्षीगणनेत बॉबव्हाइट ८० टक्क्यांहून अधिक घटलाय. हौस मात्र संपलेली नाही. म्हणून खुराड्यात वाढवलेली पाखरं सकाळी गवतात सोडतात आणि पाहुणे पैसे मोजून येतात. कुत्रा थिजतो, टोपी उंचावते, ‘पॉइंट!’ होतं. आणि पाखरू बसूनच राहतं. त्याला माणसाची सवय, पंखात बळ नाही. बसलेल्यावर बार टाकायचा नाही हा रिवाज तर मोडता येत नाही. मग वाटाड्या पुढे होतो आणि बुटाच्या टोकानं त्याला ढोसतो, ऊठ बाबा, उड एकदाचा.