पसरणीच्या घाटात बॅटरी लो!

शनिवारची पहाट, पाच वाजलेले. शहाणे पुणेकर रजईत असतात त्या वेळी आम्ही दोघं कात्रजचा जुना घाट चढत होतो. मुक्काम पाचगणी, अंतर साधारण शंभर किलोमीटर. निमित्त? माझं मनगट.

आठ वर्षं ऑफिसात माऊस ढकलून उजवं मनगट कामातून गेलंय. सायकलचे मागचे गिअर बदलणारा लिव्हरही नेमका उजव्याच हाताला. सपाट रस्त्यावर ठीक असतं. घाटात मात्र दर वळणाला तो आत ढकलायचा, म्हणजे दुपारपर्यंत कोपरापर्यंत कळा. फिजिओ म्हणाली, ‘एक तर सायकल कमी कर, नाहीतर हाताचं काम कमी कर.’ सायकल कमी करण्याचा प्रश्नच नव्हता! बोनस नुकताच जमा झालेला आणि मित्राकडे इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगची रोडबाईक. ठरलं. वाईपर्यंत आपापली सायकल, पुढे पसरणीचा घाट अदलाबदल करून. आवडली तर बोनस तिकडेच.

थोडा फंडा सांगतो. माझ्या सायकलला लिव्हरपासून डिरेलरपर्यंत पोलादी केबल जाते. केबल आपण ओढली की डिरेलर चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो. सोडली की स्प्रिंग त्याला मागे खेचते. इलेक्ट्रॉनिकमध्ये नुसतं बटण दाबायचं. ढकलाढकलीचं काम डिरेलरमधली इवलीशी मोटर करते. कल्पना जुनीच. फ्रान्सच्या मॅविकने १९९० च्या दशकात करून पाहिली, पण ती टिकली नाही. शिमानोने २००९ मध्ये ड्युरा-एस डीआयटू आणलं आणि रेसिंगमधल्या केबलचे दिवस भरत आले. २०२२ मध्ये हेच तंत्र १०५ या मधल्या रेंजवर आलं, आणि आमच्यासारखे पगारदार ईएमआयची गणितं मांडू लागले.

खंबाटकी चढलो, सुरूर फाट्याला वळलो, वाईत पोहे हाणले. ढोल्या गणपतीला लांबूनच नमस्कार. आमची उंची सारखी, शूजच्या क्लीट्सही एकाच प्रकारच्या, त्यामुळे पाच मिनिटांत सायकली बदलल्या. मित्र माझी घेऊन पुढे सटकला.

पहिला गिअर बदलला आणि मी चक्क हसलो. माऊसचा क्लिक! बारीकसा ‘झ्झिट्’ आवाज, की चेन जागेवर. पायात जोर असतानाही कुरकुर नाही. मनगटाला पत्ताही लागत नाही. गावाबाहेरच्या सपाट तुकड्यावर पुढची मोठी चकती लावून मस्त पळवली.

घाट सुरू झाला. छोट्या चकतीसाठी डावं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. शांतता. सायकलवरचा लाल दिवा तेवढा लुकलुकला.

बॅटरी उतरत आली की या सायकलवर आधी पुढचा डिरेलर काम थांबवतो, मागचा नंतर. उरलेला चार्ज मागच्यासाठी राखलेला. व्यवस्था शहाणपणाचीच म्हणा, पण मी अडकलो होतो मोठ्या चकतीवर आणि समोर बारा किलोमीटर पसरणी. पुढचा डिरेलर बाहेरच्या बाजूला थिजलेला. चेन हाताने खाली टाकली तरी ती तिथे राहणार नव्हती. मागे सर्वांत मोठी चकती लावली आणि प्रीपेडचा बॅलन्स संपत आल्यावर माणूस जसा मिस्ड कॉलवर येतो, तसा मी बटणाला हात लावणंच बंद केलं. उजवीकडे खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं म्हणे. मी पाहिलं ते फक्त डांबर.

वरच्या एका वळणावर मित्र दिसला. माझी सायकल खडखडत होती. त्याने चालता चालता केबलचा अॅडजस्टर अर्धा फेरा फिरवला, आवाज बंद! खाली माझ्याकडे बघून हात हलवला. मला शिव्या द्यायलाही दम नव्हता.

‘लाल दिवा गुरुवारीच दिसला होता रे,’ पाचगणीत तो म्हणाला. चार्जर पुण्यात, किचनच्या ओट्यावर. बाजारातल्या तीन मोबाईलच्या दुकानांत जगातले सगळे चार्जर होते, तेवढा सोडून.

रात्री मनगट दाबून पाहिलं. अजिबात दुखत नव्हतं. गुडघ्यांबद्दल विचारू नका.

रविवारी तो सायकल टेम्पोत घालून निघाला. मी माझ्या केबलवालीवर, एकटाच. तिने वाटेत काडीचाही त्रास दिला नाही. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा ग्लास मात्र डाव्या हाताने उचलावा लागला.

सोमवारी लंच ब्रेकमध्ये सायकलच्या दुकानात फोन केला. पहिला प्रश्न विचारला, ‘जादाचा चार्जर केवढ्याला पडेल?’