गच्चीवरचा सूर्य

पूर्व तांबरम, चेन्नई

चि. चिऊस,


४०० मिमीची लेन्स घेतलीस आणि पहिला फोटो सूर्याचाच काढायचा म्हणतेस! वाचून आधी धस्स झालं, मग आनंद झाला. धस्स का झालं ते सांगतो.

२६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात कोइम्बतूरकडे कंकण दिसलं, आमच्या तांबरमला खंडग्रास. गच्चीवर ट्रायपॉड लावला होता, पण फिल्टर नुसता अडकवलेला. वाऱ्याने तो उडाला आणि मी लेन्स झाकेपर्यंत सेन्सरवर कायमचा डाग पडला. नजर मागच्या स्क्रीनवर होती म्हणून डोळा वाचला. लहानपणी भिंगाने कागद जाळायचीस ना? तुझी लेन्स हे त्याहून मोठं भिंग आहे.

म्हणून फिल्टर लेन्सच्या पुढेच हवा, डोळ्याजवळ कधीच नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, यातलं काहीही चालणार नाही. सूर्यासाठीच बनवलेली चंदेरी फिल्म मिळते, ती लाखातला एक भागच प्रकाश आत सोडते. पुठ्ठ्याचं डब्याच्या झाकणासारखं टोपण कर, फिल्म त्यात सैल बसव. सुरकुत्या राहिल्या तर राहू देत, ताणू मात्र नकोस. दर वेळी बल्बसमोर धरून बघ. टाचणीएवढं भोक दिसलं तरी फेकून दे. आणि टोपण टेपने पक्कं चिकटव.

चित्र किती मोठं येईल? फोकल लांबीला ११० ने भाग. तुझ्या सेन्सरवर सूर्य ३.६ मिमीचा, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा. पण त्या दाण्यात डाग दिसतात गं! आयएसओ १००, एफ ८, १/५०० सेकंदापासून सुरुवात कर. फोकस हाताने, सूर्याच्या कडेवर. सकाळी लवकर काढ. गच्ची तापली की हवा थरथरते आणि कड उकळत्या दुधासारखी हलते.

खरं सांगू, ग्रहणाची वाट बघूच नकोस. मे २०२४ मध्ये पृथ्वीच्या १५ पट रुंद डागांचा पुंजका नुसत्या ग्रहण-चष्म्यातूनही दिसत होता. शेजारच्या पाटी, म्हणजे तमिळ आजी, गच्चीवर वडाम (तांदळाच्या पापड्या) वाळत घालत होत्या, त्यांना स्क्रीनवर दाखवला. दुसऱ्या दिवशी त्या आपणहून आल्या, डाग सरकलेला बघून म्हणाल्या, "हा फिरतो की!" हे एका फोटोने कळत नाही. रोज एक काढ. साधारण १३ दिवसांत डाग या कडेवरून त्या कडेला जातो.

कोडाईकनालच्या वेधशाळेने हेच केलं, १९०४ पासून, शंभराहून जास्त वर्षं. ज्या काचपट्ट्यांवर ते फोटो घेतले, त्यांवरून आजही अभ्यास चालतो. आणि तुझ्या पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, 'सूट' ही सूर्याची दुर्बीण घडली. ती २ सप्टेंबर २०२३ ला इथून उत्तरेला श्रीहरिकोट्यातून 'आदित्य-एल१' यानाबरोबर निघाली. तिच्यात ११ फिल्टर आहेत, सगळे अतिनील प्रकाशासाठी. त्यातला बराचसा प्रकाश आपल्या गच्चीवर पोचत नाही, ओझोन अडवतो. म्हणून तर तिला वातावरणाबाहेर जावं लागलं; आणि १५ लाख किलोमीटर लांब अशासाठी, की तिथून सूर्य अखंड दिसतो.

पहिला फोटो काढायच्या आदल्या रात्री मला वेळ कळव. त्याच मिनिटाला मीही काढतो. तुझी चकती माझ्याहून थोडी कललेली येईल; दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून डाग जुळेपर्यंत फिरवून बघू.

तुझा,
मामा