वसवणं आणि उभं करणं

जमिनीच्या कागदांची भाषांतरं करणाऱ्याला इंग्रजीतली दोन क्रियापदं सतत जोडीनं भेटतात: रीसेटल आणि रीहॅबिलिटेट. नोटीस असो, निवाडा असो, कोर्टातलं प्रतिज्ञापत्र असो की प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांचा अहवाल, ही जोडी ठरलेली. दप्तरात तिचं 'आर अँड आर' होऊन गेलंय आणि त्यामागे दोन निरनिराळी कामं आहेत याचा लिहिणाऱ्यालाही विसर पडतो. मराठीत तर दोन्हींना एकच शब्द पुरतो, पुनर्वसन. मी नवी मुंबईत राहून हे काम करते आणि तो एक शब्द पुरत नाही असं मला दिवसेंदिवस जास्त वाटू लागलंय.

मुळाशी गेलं तर ही क्रियापदं एकमेकांच्या शेजारीही राहत नाहीत. 'सेटल'च्या पोटात जुन्या इंग्रजीतलं आसन आहे, बसायची जागा. आपण बस्तान बसवणं म्हणतो त्याचंच हे भावंड. 'रीहॅबिलिटेट' लॅटिनमधून आलं, आणि तिथे 'हॅबिलिस' म्हणजे समर्थ, लायक. माणसाचं हिरावलेलं पद, मान, हक्क त्याला परत देणं हा त्या क्रियापदाचा जुना अर्थ. फ्रान्समध्ये देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकवलेला लष्करी अधिकारी ड्रायफस १९०६ साली निर्दोष ठरला, त्याला मिळालं ते रीहॅबिलिटेशन. स्टालिननंतर सोव्हिएत संघात ज्यांच्यावरचे खोटे आरोप पुसले गेले त्यांनाही तेच मिळालं, आणि त्यांतले कितीतरी तोवर हयात नव्हते. मेलेल्या माणसाला रीसेटल करता येत नाही, रीहॅबिलिटेट करता येतं. दोन क्रियापदांमधलं अंतर मला याहून स्वच्छ कुठे दिसलेलं नाही. वैद्यकातला अर्थ पुढे रुळला. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून असलेल्या केंद्रीय संस्थेत अपघातात पाय गमावलेला माणूस पुन्हा चालायला शिकतो. त्याचा पत्ता तोच राहतो, बदलतं ते त्याला काय करता येतं हे.

आता 'पुनर्वसन' पाहा. त्यात वसणं आहे, म्हणजे धातूच्या हिशेबानं तो शब्द रीसेटलचा. तरीही दुसऱ्या क्रियापदाचं ओझं आपण त्याच्याच खांद्यावर टाकलं आणि त्यानं ते वाहिलंही. निवडणूक हरलेल्या पुढाऱ्याला महामंडळ मिळालं की वर्तमानपत्रं 'राजकीय पुनर्वसन' असा मथळा देतात. राहत्या जागेचा तिथे संबंधच नसतो, गेलेलं पद परत मिळण्याचा असतो. लॅटिनमधला जुना अर्थ मराठी बातमीदारांनी अगदी नेमका पकडलाय.

याच्या उलटही एक गंमत आहे. 'सेटल' हा शब्द मराठी घरात केव्हाच मराठी झाला. 'धाकटा अजून सेटल झाला नाही' असं आई म्हणते तेव्हा मुलाला घर नाही असं तिला म्हणायचं नसतं. तो तिच्याच घरात राहत असतो. त्याला नोकरी नाही, कमाईची घडी बसलेली नाही, लग्नाचं जमत नाही, हे सगळं त्या एका शब्दात येतं. घर आहे पण हाताला काम नाही अशा माणसाला मराठी माणूस सेटल म्हणणारच नाही. कायद्याच्या इंग्रजीनं या क्रियापदातून जे वगळलं ते आपल्या बोलीनं परत आत घेतलं. मला ही बोली कायद्याहून शहाणी वाटते.

कायद्याला हे उमगायला वेळ लागला, आणि तो प्रवास कायद्यांच्या इंग्रजी नावांत वाचता येतो. धरणांनी गावंच्या गावं उठवलेली पाहिल्यावर महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कायदा केला. त्याच्या नावात रीसेटलमेंट होतं, आणि ते कोणाचं, तर 'प्रोजेक्ट डिस्प्लेस्ड' व्यक्तींचं. १९८६ च्या कायद्यात दोन्ही शब्द एकदम बदलले. रीसेटलमेंटच्या जागी रीहॅबिलिटेशन आलं आणि 'डिस्प्लेस्ड'च्या जागी 'अफेक्टेड'. १९९९ च्या कायद्यानं हीच भाषा ठेवली. मराठीत बोलताना मात्र आपण तिन्हींना पुनर्वसन कायदाच म्हणत आलो, त्यामुळे मधे काय घडलं ते आपल्या कानावरून निसटून गेलं. घडलं ते मोठं होतं. क्रियापद बदललं कारण त्याचं कर्म बदललं. ज्याची जागा गेली तो विस्थापित, त्याला वसवायचं. ज्याचं काहीही गेलं, मग ते शेत असो, कूळवहिवाट असो की मजुरी, तो बाधित, आणि त्याला उभं करायचं. पहिल्याची मोजणी घरं मोजून होते, दुसऱ्याची तशी होत नाही.

माझं हे शहर म्हणजे या फरकाचं जमिनीवरचं उदाहरण. १९७० साली शहर उभारणीसाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. शेतं गेली, मिठागरं गेली, पण गावठाणं बहुतेक जागच्या जागी राहिली. नेरूळ, करावे, घणसोली ही गावं आजही सेक्टरांच्या मधोमध आपल्या मूळ जागी आहेत. घर तेच, देऊळ तेच, आणि उंबऱ्याबाहेरचं भाताचं खाचर मात्र नाही. आता इथे रीसेटल कोणाला करणार? कोणी हललेलंच नाही. नवी मुंबईच्या मूळ गावकऱ्याच्या बाबतीत पहिलं क्रियापद लागूच होत नव्हतं आणि दुसरं लागू करायची निकड कोणाला वाटली नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-नवघरला शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली.

तिचा हिशेब मी किती कागदांवर मराठीत उतरवला असेल! एक हेक्टर जमीन गेली तर साडेबारा टक्क्यांनी १,२५० चौरस मीटर येतात. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के, म्हणजे ३७५ चौरस मीटर, वजा होतात. हातात राहतात ८७५. नवी मुंबईतला एवढा भूखंड म्हणजे मोठी मालमत्ता, याबद्दल वाद नाही. ज्यांनी तो राखला, त्यावर इमारत उभी केली, भाड्यावर घर चालवलं, त्यांची घडी बसली. पण मालमत्ता हाती देणं आणि माणूस उभा करणं यांत एक टप्पा असतो. तो टप्पा ज्याचा त्यानं पार करायचा असं धरून चाललं की क्रियापद अर्धवट राहतं. योजनेच्या कागदात हे कुठेच चूक दिसत नाही, कारण 'पुनर्वसन' या शब्दात सगळंच बसतं.

विमानतळाच्या वेळी दोन्ही क्रियापदं एकदमच लागली. ८ ऑक्टोबर २०२५ ला ज्याचं उद्घाटन झालं त्या विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, तरघर, कोंबडभुजे अशा दहा गावांना उठावं लागलं. जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड, घराच्या बदल्यात घराच्या क्षेत्राच्या तिप्पट भूखंड, असे दोन वेगळे हिशेब झाले. वडघर, करंजाडे, उलवे इथे नव्या वसाहती आल्या. घराचा हिशेब आणि पोटाचा हिशेब वेगवेगळ्या रकान्यांत मांडला गेला, हे या शहराच्या कागदांत मला पहिल्यांदा ठळकपणे दिसलं. त्याआधी उरणला जे झालं ते आठवलं की या रकान्यांचं मोल कळतं. न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि उरणला हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला गेला. त्या घरांना वाळवी लागली, भिंती-लाकूड पोखरलं गेलं, आणि 'आमचं फेरपुनर्वसन करा' ही मागणी कित्येक वर्षं चालू राहिली. फेर आणि पुनर्, दोन्ही एकाच शब्दात. असा शब्द तयार व्हायची वेळ कोणत्याही गावावर येऊ नये.

केंद्राच्या २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याच्या नावातच आता दोन्ही नामं आहेत आणि सरकारी मराठीनं त्यांना पुनर्वसन आणि पुनर्वसाहत अशी जोडी दिली आहे. 'पुनर्वसाहत' ऐकायला बोजड, पण मी त्या शब्दाच्या बाजूनं आहे. त्यानं निदान दाराशी दोघं उभे आहेत हे सांगितलं. कायद्याच्या अनुसूची वाचल्या की दोघांची कामंही वेगळी दिसतात. तिसरी अनुसूची पुनर्वसाहतीच्या जागेची: रस्ते, गटारं, पिण्याचं पाणी, शाळा, रेशन दुकान, पंचायत घर, चराऊ रान, स्मशानभूमी. दुसरीत घर आहे, हलण्याचा खर्च आहे, आणि त्याच्याच शेजारी नोकरी किंवा कुटुंबामागे एकरकमी ५ लाख किंवा २० वर्षं दरमहा किमान २,००० रुपये, यांतला एक पर्याय निवडायची मुभा आहे. तिसरी अनुसूची सरळ वसवण्याची. दुसरी वसवता वसवता उभं करायला निघते. मी भाषांतर करताना दुसऱ्या अनुसूचीवर तिप्पट वेळ देते, कारण तिच्यात एकाच वाक्यात क्रियापदाचा रोख बदलतो.

सगळ्या इंग्रजी कागदांना हा फरक मान्य आहे असंही नाही. जागतिक बँकेच्या धोरणांत 'इनव्हॉलंटरी रीसेटलमेंट' हा शब्द उपजीविका पूर्ववत करण्यालाही पोटात घेतो. त्यामुळे कागद कोणी लिहिला हे पाहिल्याशिवाय मी 'रीसेटल'ला हात लावत नाही.

व्याकरणातही एक मोलाची गोष्ट दडलेली आहे. इंग्रजीत माणसं स्वतःहून रीसेटल होऊ शकतात, त्या क्रियापदाला कर्म लागतंच असं नाही. रीहॅबिलिटेट मात्र कर्म मागतं. कोणीतरी कोणाला तरी करावं लागतं. मराठीत हीच सोय वसणं आणि वसवणं यांनी होते, एक आपलं आपण, दुसरं प्रयोजक. 'पुनर्वसन'शी तसं काही करता येत नाही. त्याला 'करणं' किंवा 'होणं' जोडावं लागतं आणि दप्तराला 'होणं' जास्त आवडतं. 'बाधितांचे पुनर्वसन झाले आहे.' कोणी केलं? कधी? काय दिलं? वाक्याला कर्ताच नाही, म्हणून विचारायला कोणी सापडत नाही. मूळ इंग्रजीत कर्ता दिलेला असेल तर मी तो मराठीत हमखास आणते, वाक्य लांबलं तरी. 'समुचित शासन पुनर्वसन करील' हे कानाला गोड नाही, पण वाचणाऱ्याला कोणाकडे जायचं ते कळतं.

मसुदे वाचून दाखवायची वेळ येते तेव्हा समोरची माणसं शब्दाच्या मागे नेमकी जातात. मी 'पुनर्वसन' वाचलं की कोणीतरी थांबवतं, 'घराचं बोलताय का धंद्याचं?' हा प्रश्न आला की मी शब्दकोश बाजूला ठेवते आणि सरळ सांगते: इथवर घराचं, इथून पुढे रोजगाराचं. माहितीपत्रकासारखा सोपा मजकूर असेल तर लिहितेही तसंच, 'नव्या जागी वसवणे' आणि 'पुन्हा पायावर उभे करणे'. अधिकृत मसुद्यात ही मोकळीक नसते, तिथे कोशातला शब्द पाळावा लागतो, आणि तो पाळायलाच हवा, कारण उद्या कोर्टात त्याच शब्दावर बोट ठेवलं जाणार असतं.

सध्या माझी अडचण एका वेगळ्याच ओळीत आहे. २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत, ज्यांची उपजीविका आधीची तीन वर्षं पाण्यावर अवलंबून होती असे 'फिशर फोक' आणि 'बोटमेन' येतात. मच्छीमार आणि नावाडी असं लिहिलं की भाषांतर पुरं होतं. पण पनवेल-उरणच्या खाडीत ओहोटीला चिखलात उतरून हातानं निवट्या, खुबे, चिंबोऱ्या काढणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याकडे होडी नाही, परवाना नाही, आणि 'मच्छीमार' म्हटलं की त्या स्वतःला त्यात धरत नाहीत, कारण इथे मच्छीमार म्हणजे होडीवाला. भराव पडला की यांचं घर जागच्या जागी राहतं आणि कमाई जाते. इंग्रजीतल्या 'फोक'मध्ये त्या येतात. म्हणून मी माहितीपत्रकात 'मासेमारीवर पोट असलेले स्त्री-पुरुष' असं लिहून खाली 'खाडीत हाताने मासळी काढणाऱ्यांसह' अशी ओळ जोडते, आणि तपासणाऱ्यानं ती खोडली तर कारण लेखी मागते.