कुणाला तोडायचं?

कॉलेजच्या हॉस्टेलचं नाहीतर एखाद्या लॉजचं वायफाय सांभाळणाऱ्यांची आमची एक पिढी होऊन गेली. पुट्टी हे राउटरशी बोलायचं सॉफ्टवेअर उघडायचं, राउटरचा आयपी टाकायचा, रूटचा पासवर्ड द्यायचा. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीची 'कामिकाझे' आवृत्ती असली, तर स्वागतालाच त्याच नावाच्या कॉकटेलची, म्हणजे व्होडका, ट्रिपल सेक आणि लिंबाच्या रसाची पाककृती हजर! मागे रेक्टर उभे असले की आधी स्क्रीन साफ करायचा, मग कामाला लागायचं. 'एनडीएससीटीएल क्लायंट्स' टाकलं की नोडॉगस्प्लॅश, म्हणजे जोडणाऱ्याला आधी स्वागतपान दाखवणारा राउटरवरचा द्वारपाल, हजेरीपट उलगडायचा: आयपी, मॅक, कधी आला, शेवटची हालचाल केव्हा, डाउनलोड किती.

आता क्लाउडवर डॅशबोर्ड असतो. आलेख रंगीत, बटणं गोल. कोटा संपला की यंत्रणा आपणहून तोडते, दिवस उलटला की आपणहून जोडते. आपण फक्त बघायचं.

तेव्हा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळखक्रमांक, हाच माणूस होता. शेवटी '३एफ' दिसलं की कळायचं, हा दुसऱ्या मजल्यावरचा टॉरेंटवाला. 'ब्लॉक' लिहून त्याचा पत्ता चिकटवायचा, एंटर दाबायचं आणि कान दाराकडे लावायचे. थाप पडायचीच. मग त्याचं सबमिशन, आपला नियम, दोघांचा चहा आणि शेवटी 'अनब्लॉक'.

आता माणूस पत्ता बदलून येतो. ॲन्ड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन दर नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक दाखवतात. ओळख ओटीपीपुरती.

झालं ते बरंच झालं, हे कबूल करायला हवं. आमचा न्याय म्हणजे मोगलाई होती. 'ट्रस्ट' ही आज्ञा मित्रांसाठी, 'ब्लॉक' नावडत्यांसाठी. रात्री कोण कितीला जागं होतं, हे आम्हाला उगीचच ठाऊक असायचं. वायफाय उघडं, मॅक नक्कल करण्याजोगा. जरा हुशार पोरगा दुसऱ्याच्या नावावर खुशाल फिरायचा. वीज गेली की राउटर सगळ्यांना विसरायचा आणि अख्ख्या हॉस्टेलला पुन्हा स्वागतपानावर 'मान्य' दाबावं लागायचं.

तेही पान आता शोधावं लागत नाही. पूर्वी कुठलीतरी साइट टाकून ते उगवायची वाट पाहायची. एचटीटीपीएस आलं आणि वळवावळवीचा तो खेळ अडू लागला. आता फोन स्वतःच गुपचूप चाचणी घेतो आणि पान पुढ्यात टाकतो.

सोय वाढली, वशिला घटला. तक्रारीला जागा नाही. फक्त एवढंच, की आमचा निर्णय अन्यायाचा असला तरी त्याला खोली नंबर होता आणि तिथं जाऊन भांडता यायचं. डॅशबोर्ड नियमाला धरून तोडतो. त्याच्याशी भांडायचं तर तिकीट काढावं लागतं.